डाव्या बटणाला बुक्की

मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण कुणाची चहाडी मी कधी केली नाही. मी बुद्धिबळाचं जुनं घड्याळ आहे. लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या आणि डोक्यावर दोन बटणं. चाल केली की खेळाडूनं आपलं बटण दाबायचं. त्याचा वेळ थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो.

कारखान्यातून मी थेट सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका क्लबात आलो. तेव्हा त्या खोलीत बसायला जागा मिळत नसे. माझ्यावर खेळायला मिळावं म्हणून भांडणं होत! पुढे माणसं पांगली. माझं डावं बटणही अडकू लागलं. बुक्की हाणल्याशिवाय ते खालीच जाईना. दुरुस्ती करायचं सोडून सगळ्यांनी बुक्कीचीच सवय लावून घेतली. मीही मुकाट सोसलं.

शेवटी चौघंच उरले. खालचा सायकलवाला, बेकरीवाला, शिंपीकाका आणि नर्सताई. एका संध्याकाळी नर्सताईनं विषय काढला.

"राष्ट्रीय सांघिक स्पर्धेत संघाला चौघं लागतात. आपण चौघं आहोत. जाऊ या."

"आपण? अगं, हसं होईल!" शिंपीकाका म्हणाले.

"होऊ दे. तुमचीच तीन तोंडं बघून मी कंटाळले, काका. तुमचा घोडा कुठे जाणार ते तुमच्या आधी मला कळतं. यंदा गेलो नाही, तर मी येणं बंद करणार. मग दोघं खेळा आणि तिसऱ्यानं माशा माराव्यात."

सायकलवाला हळूच म्हणाला, "चला ना, काका. वरची खोली बंद पडली तर खाली मला करमायचं नाही."

काका कुरकुरत तयार झाले. नर्सताईनं शकुन म्हणून मलाही पिशवीत घेतलं. पिशवीचं तोंड उघडं होतं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

स्पर्धेत प्लास्टिकची नवी घड्याळं होती. पहिल्याच चालीला काकांनी सवयीनं बुक्की हाणली. घड्याळ उडालं, वजीर लोळला, पंच धावत आले.

"काका, पुन्हा असं झालं तर डाव गेला समजा!"

खोड माझी आणि बोलणी काकांना. मला फार वाईट वाटलं.

काका असे धास्तावले की त्यानंतर बटणाला नुसते गोंजारू लागले. एकदा ते दबलंच नाही. चाल झालेली, काका निवांत, आणि वेळ मात्र त्यांचाच पळतोय! बाकीचे तिघं आपापले डाव हरून मागे उभे होते. नर्सताईला सगळं दिसत होतं, पण खेळणाऱ्याला काही सांगायची बंदी.

अखेर समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईच बोलल्या, "भाऊ, घड्याळ तुमचंच चालू आहे. जरा जोर लावा की!"

तो डाव बरोबरीत सुटला. त्या दिवशी आमची कमाई अर्धा गुण. उठताना बाई म्हणाल्या, "हसं होईल म्हणून आम्ही कित्येक वर्षं घरीच बसलो होतो. ती रिकामी टेबलं पाहिलीत? तिथे बसायचे ते क्लब अजून तेच म्हणत बसलेत."

आम्ही शेवटून दुसरे आलो. परतल्यावर काकांची टकळी काही थांबेना. पुढच्या वर्षी असं करू, पुढच्या वर्षी तसं करू! ते ऐकून गल्लीतले लोक क्लबात डोकावू लागले. खोली पुन्हा भरली, नवी घड्याळं आली आणि माझी रवानगी कपाटात व्हायची वेळ आली. काकांनीच अडवलं.

"याला स्पर्धेला कधीच न गेलेल्या क्लबाला देऊ. अट एकच. स्पर्धेला जायचं आणि मग घड्याळ पुढच्या क्लबाच्या हाती द्यायचं."

तेव्हापासून मी गावोगाव फिरतोय. सध्याच्या खोलीत तिघं जण रोज पट मांडतात आणि दाराकडे बघत बसतात. नावं द्यायची मुदत जवळ आली आहे.

मित्रांनो, मला तेल नको, नवं बटणही नको. तुमच्या घरात, शेजारात कुणी बुद्धिबळ खेळत असेल, तर त्याला इकडे पाठवा. हसं झालं तर होऊ दे, आमचंही झालं होतं. आणि हो, त्याला सांगून ठेवा. बुक्की मारायची ती फक्त मला.