माझ्यातली दोन नावे

मित्रांनो, मी एक जुने रेशनकार्ड आहे. रंग केशरी, कडा तेलकट, मधली घडी चिकटपट्टीने धरलेली. माझा मुक्काम कुंभार पिंपळगावात, पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याच्या कपाटात.

माझ्यात पाच नावे आहेत. पुंजाराम, त्यांची बायको द्वारकाबाई, मुलगा आदिनाथ, सून प्रियदर्शनी आणि नात तृप्ती. तृप्तीचे नाव चढले त्या दिवशी द्वारकाबाईंनी मला देवापुढे ठेवून कुंकू लावले होते. तो डाग अजून आहे. आयुष्यात माझे कौतुक झाले ते तेवढेच.

सहा वर्षांपूर्वी आदिनाथचे आणि प्रियदर्शनीचे बिनसले. ती मुलीला घेऊन माहेरी गेली. गावातल्या चार जणांनी स्टँप पेपरवर फारकत लिहिली आणि सगळ्यांना वाटले, झाले, सुटले एकदाचे. कोर्टाची पायरी कोणी चढलेच नाही. माझ्यातली दोघींची नावे मात्र पुंजारामांनी कमी केली नाहीत. कारण सांगायला मला लाज वाटते. नावे गेली असती तर धान्यही गेले असते.

गेलेल्या दोघींचे गहू दर महिन्याला घरात येत राहिले. पीठ चाळताना द्वारकाबाई मधेच थांबून मागे बघायच्या. मागे कोणी नसायचे. "हे खाल्लेलं अंगी लागून न्हाई राह्यलं," त्या म्हणायच्या. मला त्या कपाटात भीती वाटायची.

यंदा आदिनाथ मोटारसायकलवरून पडून गेला. वडिलोपार्जित जमिनीतले चार एकर वाटणीने त्याच्या नावावर होते. वारस म्हणून फक्त त्याच्या आईचे, द्वारकाबाईंचे नाव लावा, असा अर्ज पुंजारामांनी तलाठ्याकडे दिला आणि घरची माणसे दाखवायला मलाच सोबत जोडले. ही बातमी कानावर येताच प्रियदर्शनी तृप्तीला घेऊन तिथे आली.

"फारकत झाली हाये. मंग हिचा काय हक्क?" पुंजाराम म्हणाले.

"कोर्टाचा हुकूम हाये का?" तलाठ्याने मला उघडले. "आन् काका, ही माहेरी गेल्ती, तर हिचं धान्य कोण उचलून राह्यलं?"

पुंजारामांची मान खाली गेली. द्वारकाबाई पुढे आल्या.

"मीच. दुकानदारानं इचारलं की सांगायची, हायेत घरी. साहेब, तिघींची नावं लावा. माझं, सुनंचं, नातीचं. बराबर हाये ते."

तृप्ती माझ्यावरचे आपले नाव बोटाने वाचत होती. तिने वर बघितले.

"आज्जी, मंग माझे गहू कोणी खाल्ले?"



पुढे नोंद तिघींच्या नावे झाली. मित्रांनो, मला पाण्यापासून आणि उंदरांपासून जपा, हे तर मी सांगणारच. पण कधीतरी मला उघडा, एकेक नाव वाचा आणि ते माणूस जेवले का, एवढे विचारा. द्वारकाबाई आता दोघींचे गहू वेगळ्या पिशवीत भरून पाठवतात. पीठ चाळताना मात्र त्या अजून मागे बघतात.