एका अक्षराची दुरुस्ती

सिस्टरांनी बोट ओलं करून फाइलचं पान उलटलं, मग आणखी एक, आणि नवव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्या पानावर काय आहे ते बाबांच्या शेजारी बसलेल्या मुलीला पाठ होतं. खुर्चीत बसल्या बसल्या तिचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन तिने चौदा वर्षं काढली होती. समोरच्याला धोका दिसायच्या आत ब्रेक लावायचा, हा तिचा धंदाच होता. इथे पायाखाली नुसती फरशी होती.

"काका, इतकं दुखतंय तुम्हाला, आणि दुखणं आवरायला घरी येणारी आमची टीम नको म्हणालात?" सिस्टर म्हणाल्या. त्या या खोलीत नव्या होत्या, मागचं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. "हे बघा, इथे स्वच्छ लिहिलंय. उपशामक सेवेची माहिती दिली. रुग्ण नाकारतो."

बाबा डावा हात बरगडीखाली दाबून बसले होते. सदऱ्याची कॉलर मानेपासून चार बोटं सुटली होती. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती, आणि एकही टिंब नजरेतून सुटत नाही म्हणून तिथे सगळे त्यांना 'अनुस्वार' म्हणत. माणूस त्या टिंबाएवढाच उरत चाललाय, असा विनोद गेल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःवर केला होता. मुलगी हसली नव्हती.

त्यांनी फाइलकडे पाहिलं, मग मुलीकडे. फार वेळ नाही, एखादी ओळ वाचायला लागतो तेवढाच.

अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आजार आता मागे फिरणार नाही, पण दुखणं नक्की आवरता येईल. चांगली औषधं आहेत, घरी येणारी नर्स आहे. त्यांनी तिच्या हातात एक पत्रक दिलं होतं. "हे त्यांच्या हातात द्या. ठरवायचं त्यांनी आहे, तुम्ही नाही. हवं तर मी बोलतो त्यांच्याशी."

"मीच सांगते," ती म्हणाली होती.

आणि पत्रक तिने शिकवणीच्या गाडीच्या खणात कोंबलं होतं, फडक्याखाली. घरी सांगितलं, अल्सर चिघळलाय, वेळ लागेल. पुढच्या खेपेला दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "बोललात का वडिलांशी?" तेव्हा तिने पापणी न हलवता उत्तर दिलं होतं, "बोलले. नको म्हणाले." बाईने ते तसंच उतरवून घेतलं. त्यांना धक्का सोसणार नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली. खरं तर ते ऐकतानाचा त्यांचा चेहरा तिला सोसणार नव्हता. सकाळी कपडे भिजवताना त्यांच्या टॉवेलाचं टोक चावून चावून उसवलेलं दिसायचं. ती ते टोक आत दुमडून टॉवेल वाळत घालायची, आणि चहा देताना विचारायची, "झोप लागली ना?" ते म्हणायचे, "लागली."

आता सगळं बाहेर येणार होतं. येऊ दे एकदाचं, असंही तिला वाटलं, आणि त्याच वेळी आत्ता कुणीतरी दार वाजवावं असंही वाटलं.

"हो," बाबा म्हणाले. "म्हणालो होतो नको."

एका वेलांटीसाठी छपाई थांबवून मालकाशी भांडणारा हा माणूस. त्याला खोटं बोलताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"का हो पण?"

"तेव्हा कळलं नव्हतं नीट. आता मत बदललं तर चालतं?"

"चालतं म्हणजे काय, कधीही बदला. हक्क आहे तुमचा. फक्त नवा फॉर्म भरावा लागेल, डॉक्टर येऊन—"

"नवा कशाला? आणा इकडे. एका अक्षराचं तर काम आहे."

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं. नोकरी सुटून बारा वर्षं झाली तरी ते पेन सुटलं नव्हतं. 'नाकारतो'मधल्या 'ना'वर त्यांनी एक उभी रेघ मारली, ती समासापर्यंत ओढत नेली आणि तिथे सुबक अक्षरात लिहिलं, 'स्वी'. खाली सही, तारीख.

सिस्टरांनी फाइल डोळ्यांसमोर धरली आणि त्यांना हसू फुटलं. "रुग्ण स्वीकारतो! कमाल आहे काका तुमची. हे असं चालतं का ते डॉक्टरांना विचारते बाई." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ही आधीची नोंद कशावरून झाली? तुमची तर सहीच नाही तिथे. सांगितलं कुणी हे?"

मुलीने तोंड उघडलं.

"सिस्टर," बाबा म्हणाले, "प्रुफात चूक कुणाची ते लिहीत नाहीत. दुरुस्ती तेवढी लिहितात."

सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ड्रॉवरमधून एक पत्रक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "डॉक्टर येईपर्यंत हे वाचून ठेवा," असं म्हणून त्या फाइल घेऊन बाहेर गेल्या.

खोलीत दोघंच उरली. मुलीला वाटलं, यांनी दोन शब्द बोलावेत, निदान रागाने बघावं. मारलं असतं तरी तिला हलकं वाटलं असतं. शरमेने तिची नजर त्यांच्या चपलांवरून वर येईना.

"बाबा, मी..."

"मास्तरीणबाई," बाबा म्हणाले. गाडी शिकवायला लागल्यापासून ते तिला हेच म्हणत. "चष्मा राहिलाय घरी. तू वाच. पूर्वीसारखं."

पूर्वी ते प्रुफं घरी आणत. ती मूळ प्रत मोठ्याने वाची, स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं उच्चारून, आणि ते समोरच्या प्रुफावर नजर फिरवत. नियम एकच होता, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही.

तिने पत्रक उचललं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"उपशामक सेवा म्हणजे काय, प्रश्नचिन्ह," तिने सुरुवात केली. पहिल्या चार ओळी ती धड वाचू शकली. पाचवीशी आली, अडखळली, आणि पुढे निघाली. "आजारात रुग्णाला आपल्या दुखण्याबद्दल, आणि त्यावर मिळू शकणाऱ्या मदतीबद्दल..."

"मागे जा."

"काय?"

"'आजारात'च्या आधी तीन शब्द आहेत." त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "आणि 'रुग्ण'मधला रु त्यांनी दीर्घ छापलाय. ऱ्हस्व हवा. दवाखान्यात तरी हा शब्द नीट छापावा माणसांनी."

तिने कागदाकडे पाहिलं. रू दीर्घच होता. कागद अजून तिच्याच हातात होता, त्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं.

गाडीचा खण तिच्या डोळ्यांपुढे आला. फडक्याखालचं पत्रक.

"कधी?" तिने विचारलं.

"मागे तू मला ऑपरेशनचे टाके काढायला इथे आणलंस, तेव्हा. तू गाडीत हवा भरून घेत होतीस. मी काच पुसायला फडकं शोधत होतो."

टाके काढून सात आठवडे झाले होते. तिने मनात ते आठवडे मोजले नाहीत, तिला टॉवेल आठवले.

"मग बोलला का नाहीत, बाबा? इतकं सोसलंत... एका शब्दाने बोलला का नाहीत?"

बाबांनी बरगडीखालचा हात जरा सरकवला. "मूळ प्रत तुझ्या हातात होती," ते म्हणाले. "तू वाचशील म्हणून थांबलो."

बाहेर सिस्टरांची आणि डॉक्टरांची पावलं जवळ येत होती. तिने कागद दोन्ही हातांत धरला. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती, पण ते तीन शब्द तिला कागदाशिवायही येत होते.

"बऱ्या," तिने वाचलं. "न. होणाऱ्या."

"हं," बाबा म्हणाले. "पुढे."