सिंगापूरला गेलेली वायरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. प्लॅस्टिकच्या वायरची, रंगाने निळी, मधून एक पिवळा पट्टा गेलेली. तुमच्याही आजीकडे माझी एखादी बहीण असेल. खुंटीवर दिसली नाही तर कांद्यांखाली बघा.

मला सुगंधाबाईने विणलं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती धुळ्याला आपल्या थोरल्या बहिणीकडे, वच्छलाबाईंकडे राहायला गेली होती. तिथल्या बाजारातून वायर आणली आणि दोघी बहिणी दुपारभर ओट्यावर बसून विणत राहिल्या. माझी एक बाजू जराशी वाकडी आहे. ती विणताना वच्छलाबाईंनी कोणाची तरी नक्कल केली, सुगंधाबाई हसून हसून लोळली आणि एक गाठ चुकली. पुढे ती उसवायला कोणालाच सवड झाली नाही.

सुगंधाबाईचं सासर मुक्ताईनगर तालुक्यातलं. तिचे यजमान लोटनभाऊ केळी पिकवतात. आता सगळे त्यांना नानाच म्हणतात. कितीतरी वर्षं मी रोज त्यांच्यासोबत शेतात गेले. पोटात दशम्या, लसणाची चटणी, पाण्याची बाटली. एसटीत खिडकीतून आत टाकून जागा धरायला माझ्यासारखं दुसरं काही नव्हतं. हितेंद्र, त्यांचा मुलगा, धुळ्याला कॉलेजात होता तेव्हा दर पंधरवड्याला मी शेव आणि लाडू घेऊन त्याच्या वसतिगृहावर जायची. बायका मला हातात घेऊन बघायच्या. "कुठून घेतली वं?" असं विचारायच्या. सुगंधाबाई मान जराशी तिरपी करून म्हणायची, "घेतली नई, इनली." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग चेनवाल्या बॅगा आल्या आणि मी खुंटीवर गेले. खुंटीवरून कांद्यांकडे गेले. त्याचं दुःख करत बसत नाही. कांदे बरे असतात, निदान ते कोणाला नावं ठेवत नाहीत.

हितेंद्र नोकरीसाठी सिंगापूरला गेला, तिथेच स्थिरावला. कामिनी त्याची बायको आणि भाविका त्यांची आठ वर्षांची मुलगी. भाविकाला मराठी समजायचं, बोलताना मात्र ती शब्द चाचपत चालायची. फोनवर एकदा ती म्हणाली, "नाना, माझ्याकडे केळी आहे. खाली, बागेत. तुम्ही आलात की मी दाखवते."

झालं. जो माणूस मुंबईला जायचंही टाळायचा, तो नातीची केळी बघायला समुद्र ओलांडून जायला तयार झाला. केळी किती उंच, घड पडला का, पाणी कोण देतं, सगळं फोनवरच विचारून झालं. भाविका एवढंच म्हणायची, "सरप्राइज आहे, नाना."

हितेंद्रने चाकांची मोठी बॅग पाठवली होती. तरी दशम्यांसाठी सुगंधाबाईने मला घासूनपुसून काढलं. विमानतळावर हितेंद्र नाना-मायच्या पाया पडला. मग त्याला मी दिसले.

"माय, ही पण आणली?"

"मंग दशम्या काय पदरात आणू? त्या पेटीत कपड्यायचा वास लागतो."

तो हसला, पण त्याने मला गाडीच्या डिकीत अगदी खाली ठेवलं आणि वर बॅग ठेवली. मित्रांनो, मी त्या दिवशी पहिल्यांदा लाजले. तोवर मला माहीतच नव्हतं की मी लाजण्यासारखी आहे.

हितेंद्रचं घर सहाव्या मजल्यावर. मला स्वयंपाकघरात बेसिनखाली जागा मिळाली. पहिले दोन दिवस पाहुणचारात गेले. नाना गॅलरीच्या कठड्याशी उभे राहून खाली बघत. खाली इमारतीची बाग होती आणि बागेच्या कोपऱ्यात केळीचं एक बेट. मधल्या केळीला घड लागलेला आणि तिच्या बुडाशी पिलंच पिलं. भाविका म्हणाली होती, सरप्राइज शनिवारी, शाळेला सुट्टी असेल तेव्हा.

तुमच्यातल्या शहरातल्या मुलांना सांगते. केळीच्या बुडातून जी छोटी छोटी रोपं फुटतात त्यांना आमच्याकडे पिलं म्हणतात. ती आईचं पाणी पितात, खत खातात आणि घड बारीक राहतो. म्हणून शेतकरी ती कापत राहतो. नानांचे हात या कामाला इतके सरावलेले की लोकांच्या शेतातून जातानाही त्यांना हात आवरावे लागतात.

"कोणी हातच नई लावला," ते सुगंधाबाईला म्हणाले. "पोरीच्या केळीचा घड वाया जाईन असा."

"ते लोक पाहतीन त्यायचं," सुगंधाबाई म्हणाली. "तुम्ही पाव्हणे आहा, पाव्हण्यासारखं बसा."

तिसऱ्या दिवशी सकाळी घरातले सगळे आपापल्या गडबडीत होते. नानांनी बेसिनखालून मला ओढलं, ओट्यावरची सुरी माझ्यात टाकली आणि लिफ्टने खाली गेले.

जवळून पाहिल्यावर दिसलं, प्रत्येक पिलाला एक रंगीत फीत बांधलेली होती. गुलाबी, पिवळी, हिरवी, जांभळी. नाना क्षणभर थांबले. मला वाटलं, आता परत फिरतील. पण त्यांचा चेहरा उजळला. आमच्या भागात घडाला रंगीत फीत बांधतात, आणि कोणत्या रंगाचा घड कधी उतरवायचा ते कापणारा त्यावरून ओळखतो. फीत म्हणजे कापायची खूण. नानांना वाटलं, इथल्याही शहाण्या माणसाने खुणा करून ठेवल्यात, फक्त कापणारा आला नाही.

मग ते खाली बसले आणि एकेक पील कापू लागले. नुसतं वरून नाही. पुन्हा फुटू नये म्हणून सुरीचं टोक कंदात खुपसून, आतला कोंब फिरवून काढत. कामात कसर ठेवणारा माणूस नव्हेच तो. कापलेली पिलं फितींसकट माझ्या पोटात पडत गेली. केळीचा चीक माझ्या वायरींतून ठिबकत होता.

भरल्यावर त्यांनी मला उचललं आणि इमारतीच्या दारापाशी आले. तिथे मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी होती. तळमजल्यावरच्या लिम आजी पाण्याची झारी घेऊन येत होत्या. बाग त्याच राखायच्या. नानांनी मला दोन्ही हातांनी वर धरलं आणि हसून म्हणाले, "हे पाहा! बठ्ठं साफ करी टाकलं. आता घड असा येईन, असा!" हात रुंदावून त्यांनी घड किती मोठा येईल तेही दाखवलं.

कोणीच हसलं नाही. एका लहान मुलाने माझ्यातून लोंबणारी हिरवी फीत ओढली, तिच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. लिम आजींनी झारी खाली ठेवली.

ती पिलं इमारतीतल्या मुलांची होती. लिम आजींनी प्रत्येकाला एकेक वाटून दिलं होतं. ज्याचं पील, त्याच्या आवडीची फीत. सुट्टी लागली की ती कंदासकट काढून मागच्या भिंतीशी ओळीने लावायची होती. भाविकाचं सरप्राइज म्हणजे मधली मोठी केळी नव्हतीच. ते गुलाबी फितीचं, गुडघ्याएवढं पील होतं. आणि सगळ्यांत सफाईने कापलेलं तेच होतं.

तेवढ्यात लिफ्टमधून भाविका आली. एका मुलीने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि नानांकडे बोट दाखवलं. भाविकाने माझ्याकडे पाहिलं, गुलाबी फितीकडे पाहिलं आणि मान हलवली. मी यांना ओळखत नाही, असं ती म्हणाली. नानांना इंग्रजी येत नाही. पण नाही म्हणताना मान कशी हलते हे कळायला इंग्रजी लागत नाही.

बस आली. मुलं गेली. नाना मला धरून तसेच उभे होते, आणि मी काठोकाठ भरलेली. मित्रांनो, पिशवीला झाकण असतं तर मी ते ओढून घेतलं असतं.

घरी सुगंधाबाईने तोंडाचा पट्टा सोडला. "परक्या मुलखात येऊन बी हात शांत नई तुमचे! उद्या इथला रस्ता सारवायले घेसान!" कामिनी फरशीवरचे डाग पुसत म्हणाली, "आई, हा चीक निघतच नाहीये."

"नई निघत बाई. माह्या लग्नातल्या लुगड्यावरला बी नई निघाला." एवढं बोलून सुगंधाबाई मला नळाखाली धरून उगीचच चोळत राहिली.

हितेंद्रचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. इमारतीतल्या लोकांचा फोनवर एक गट होता, तिथे मुलांचे आईबाप विचारत होते. बराच वेळ त्याने खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग काहीतरी लिहिलं, पाठवलं आणि म्हणाला, "मिटलं. आता कोणी काही म्हणणार नाही. रविवारी ठरल्याप्रमाणे फिरायला जाऊ."

रविवारी गेलो. सुगंधाबाईने पाण्याच्या बाटल्या आणि पुऱ्या माझ्यात भरल्या. माझे डाग बाहेरून दिसू नयेत म्हणून तिने ती बाजू आपल्या अंगाकडे धरली होती. आम्ही उंच इमारती पाहिल्या, काचेची बाग पाहिली, तारेवरून जाणाऱ्या पाळण्यात बसलो. हितेंद्र पदोपदी म्हणे, "नाना, तिकडं बघा." नाना तिकडं बघत. पण बघणं आणि दिसणं यात फरक असतो. भाविका दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

तिथे समुद्राच्या काठाशी एक पांढरा पुतळा आहे. डोकं सिंहाचं, धड माशाचं, आणि तोंडातून सारखी पाण्याची धार. हितेंद्र आणि कामिनी फोटोसाठी जागा शोधत होते. नाना मला मांडीवर घेऊन सुगंधाबाईजवळ पायरीवर बसले. भाविका हळूच शेजारी आली.

"नाना, तुम्हाला मी आठवते?"

"म्हंजे?"

"म्हणजे, माझं नाव. पप्पांनी सगळ्यांना लिहिलं, माझ्या वडिलांचं डोकं नीट चालत नाही, ते सगळं विसरतात. म्हणून लिम आजी म्हणाल्या, नानांना रागवायचं नाही." तिचे डोळे भरले होते. "मी विसरले का तुम्हाला?"

तिला विचारायचं होतं, तुम्ही मला विसरलात का. पण शब्द उलटे पडले. नाना सुगंधाबाईकडे बघू लागले. तीही भाविकाकडेच बघत होती. तिलाही ते माहीत नव्हतं.

"नई माय," नाना म्हणाले. "मले बठ्ठं आठोते. तुही फीत गुलाबी व्हती. तेच पील मी बठ्ठ्याहून चांगलं कापलं."

हितेंद्र फोन वर धरून आला. "चला, इकडं बघा सगळे."

"हितू, मी येडा आहे काय रे?" नानांनी विचारलं.

हितेंद्रचा फोन खाली आला. "नाना, मी तुम्हाला वाचवायला लिहिलं ते. नाहीतर लोक काय म्हणाले असते?"

"काय म्हणाले असते? का याने चुकी केली. केलीच व्हती."

"तुम्ही महिनाभराने गावी जाल. मला इथं राहायचंय. आता सांगितलं तर मी खोटा पडेन."

"पडशीन," नाना म्हणाले. "मी बी पडलो. एका घरचे आहो आपण."

मित्रांनो, त्या क्षणी त्या बापलेकांत मी होते आणि मला कुठे बघावं ते कळेना. सिंहाच्या तोंडातून पाणी पडत होतं. लोक त्याच्यासमोर, ते पाणी पीत असल्यासारखी तोंडं उघडून फोटो काढत होते. हितेंद्र लाल झाला होता. फोटो न काढताच त्याने फोन खिशात टाकला.

संध्याकाळी खाली लिम आजींकडे जायला नानांनी टोपी नीट केली. कामिनी म्हणाली, "नाना, मी येऊ सांगायला?" पण ते भाविकाकडे बघत होते. "तू सांगशीन? मी मराठीत बोलतो, तू त्यायच्या भाषेत सांग. जे बोलीन तेच सांगजो. आपल्या मनाचं नको."

भाविकाने हो म्हटलं नाही, पण चपला घातल्या. सुगंधाबाईने मला पुढे केलं. रिकामीच. "तिला बी घेऊन जा," ती म्हणाली. "लपून काय करीन ती?"

खाली बागेत लिम आजी होत्या. मुलं खेळत होती, तीही जवळ आली. नाना त्या उघड्या बुंध्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी आजारी नई. माह्यं डोकं चांगलं आहे. फित्या पाहून मले वाटलं, कापासाठी बांधल्या. न विचारता कापलं. ही पिलं आता जगणार नई, हे बी मले माहीत आहे. माह्या पोराले माही लाज वाटली, म्हणून तो तसा बोलला. चुकी माही."

सगळे भाविकाकडे बघू लागले. ती त्या मुलीकडे बघत होती, जिने तिला त्या दिवशी विचारलं होतं. भाविकाचे ओठ हलले, थांबले. मागे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. हितेंद्र तिथे उभा होता, पण पुढे येत नव्हता. लेकीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

भाषांतर करायचं तर सुरुवात कुठून तरी करावीच लागते. तिने दीर्घ श्वास घेतला आणि इंग्रजीत पहिले दोन शब्द उच्चारले, मोठ्याने: "माझे आजोबा." आणि मग पुढचं सगळं.

लिम आजींनी "हरकत नाही" असं म्हटलं नाही. त्यांना हरकत होती. त्या म्हणाल्या, मला फार वाईट वाटलंय आणि ते काही दिवस वाटत राहील. भाविकाने नानांना तसंच्या तसं सांगितलं. नानांनी मान हलवली. "बरोबर आहे त्यायचं," ते म्हणाले, आणि माझ्या तळाच्या वायरींत अडकून राहिलेला एक फितीचा तुकडा काढून लिम आजींच्या हातात दिला. हितेंद्र तेव्हा पुढे येऊन नानांच्या शेजारी उभा राहिला होता. खांद्याला खांदा लावून.

मित्रांनो, आता मी परत मुक्ताईनगरकडच्या घरी, कांद्यांजवळ आहे. माझे डाग गेले नाहीत आणि मी कोणाला ते घालवायला सांगत नाही. मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारख्या जुन्या पिशव्या फेकल्यात तरी चालतील, आमचं काय. पण तुमच्या घरचं म्हातारं माणूस परक्या लोकांत चुकलं, तर त्याची चूक झाकायला त्यालाच झाकू नका. त्याला खोटं आजारी पाडू नका. लाज वाटेल, वाटू द्या. फक्त ती वाटत असतानाही त्याच्या जवळ उभं राहा, आणि कोणी विचारलं की हा कोण, तर मान आडवी हलवायच्या आधी जरा थांबा.