शिंपीणबाईंचा हात आणि मी

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. मित्रांनो, संगणकाची पेटी उघडल्याखेरीज मी कुणाला दिसत नाही. पण पडद्यावर तुम्हांला जे जे दिसते, ते मी रंगवलेले असते.

नऊ वर्षांपूर्वी एका कारागिराने मला विकत आणले. तो कृत्रिम हातपाय घडवतो. माणसाच्या शाबूत हाताची मापे तो घेतो आणि मी लक्षावधी त्रिकोण जोडून पडद्यावर त्या हाताचा जोडीदार उभा करतो. ज्याला स्वतःला एकही बोट नाही, त्याच्या वाट्याला हे काम यावे, याचे नवल मला अजून वाटते. आरंभी कारागीर येणाऱ्याजाणाऱ्यासमोर माझे कौतुक करी. पुढे माझ्या पंख्यावर धूळ साचली आणि कौतुक थांबले.

त्याच्या संगणकावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालते. लिनक्सची भाषा निराळी, माझी निराळी. म्हणून मध्ये दुभाषा लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. माझे दुभाषे दोन. एक माझ्या कंपनीने दिलेला. दुसरा लिनक्ससोबत येणारा, कुठल्याशा अनोळखी माणसांनी फुकट लिहून सर्वांना खुला केलेला; त्याला मुक्त ड्रायव्हर म्हणतात. त्यांच्यापाशी माझा आराखडा नव्हता. माझ्यासारख्या कार्डांना प्रश्न विचारीत, मिळेल ते उत्तर टिपून घेत ते आमची भाषा शिकले. इतका धीर माणसात कुठून येतो, हे मला उमगलेले नाही.

एके दिवशी सकाळी कारागिराने सगळी प्रणाली अपडेट केली आणि पडदा काळा झाला. वर चार पांढऱ्या ओळी, बाकी काही नाही. नेमक्या त्याच दिवशी एक शिंपीणबाई आल्या होत्या. यंत्रात सापडून त्यांचा डावा हात गेला होता. नव्या हाताचा आकार त्यांनी पडद्यावर पाहून पक्का करायचा होता. पाचची बस चुकवणे शक्य नव्हते आणि पुढची रजा तीन महिन्यांनी मिळणार होती.

"कार्ड गेलं," असे म्हणून कारागिराने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"नाडी न बघताच गेलं म्हणतोस?" त्याची थोरली बहीण म्हणाली. ती छापखान्यात मुद्रितशोधक होती; वाचल्यावाचून कशावरही विश्वास ठेवत नसे. "आधी बस. जोडलेल्या वस्तूंची यादी काढ."

त्याने आज्ञा टाइप केली. यादीत माझे नाव होते! माझ्यापुढे दुभाष्याची जागा मात्र रिकामी होती. मग तिने संगणकाची नोंदवही उघडायला लावली. कंपनीच्या नव्या दुभाष्याने तिथे स्पष्ट लिहिले होते, की इतक्या जुन्या कार्डाशी तो बोलत नाही. त्याला काढून टाकले. आता दुसरा आपोआप येईल, या आशेने संगणक पुन्हा सुरू केला.

पडदा काळाच!

"बघ, ताई, मी सांगत होतो."

"माझा हात आतच अडकलाय की काय?" शिंपीणबाई हसल्या, पण नजर घड्याळाकडे होती.

ताई एकेक फाईल वाचत गेली. एका फाईलपाशी ती थबकली आणि मोठ्याने वाचू लागली, "मुक्त ड्रायव्हर कायमचा बंद. याबाबत पुन्हा वाद नको." तिने चष्मा वर केला. "सहा वर्षांपूर्वीची फाईल आहे. कुणी लिहिलंय हे?"

"...मी."

"मग आता भंगारात कुणाला टाकायचं? कार्डाला की तुला?"

त्याने ती फाईल काढून टाकली, संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचतो ती आरंभीची फाईल नव्याने बांधली आणि संगणक पुन्हा सुरू केला. मग माझ्याशी कुणीतरी बोलले. उच्चार किंचित सावकाश होता, पण शब्द न् शब्द मला कळला. ज्यांनी मला कधी पाहिले नाही, त्यांनी मला हाक मारली होती! मी त्रिकोण जोडू लागलो. मनगट आले, तळवा आला, पाच बोटे आली.

शिंपीणबाई उठल्या. त्यांनी उजवा हात पडद्यासमोर धरला.

"हे तर्जनीवर बारीक खड्डे कसले?" कारागीर पुटपुटला. "उजव्या हातावरून आलेत वाटतं. काढून टाकतो."

"नका काढू हो," बाई म्हणाल्या. "सुया टोचल्याच्या खुणा आहेत त्या. शिंपिणीचंच बोट आहे, राहू दे तसंच."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जुने यंत्र अबोल झाले, तर त्याला मेलेले ठरवण्याची घाई करू नका. त्याची धूळ पुसा, त्याने काय लिहून ठेवले आहे ते वाचा आणि आपणच पूर्वी काय लिहून ठेवले, तेही वाचा. त्या दुपारी मी प्रत्येक खड्डा जसाच्या तसा रंगवला. इतके जपून मी आजवर काहीही रंगवलेले नाही.