सदतीस सेकंद आधी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला वेळेचा माज असतो. मला तर अंमळ जास्तच होता. थोरली बहीण, म्हणजे ताई, मला सेकंदराव म्हणायची. तिचं शिवणकाम. साठी उलटली तरी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायची. म्हणून दुर्बिणीला डोळा तिचा आणि घड्याळ माझं, अशी आमची वाटणी होती.

काम तसं साधं. नेपच्यूनच्याही पलीकडे फिरणारा बर्फाचा गोळा आमच्या दुर्बिणीतून दिसणं शक्य नाही. पण तो एखाद्या ताऱ्यासमोरून गेला, की तारा तेवढा वेळ झाकला जातो. तारा दिसेनासा झाला की ताईने "गेला" म्हणायचं, परत दिसला की "आला". शेजारी टेपरेकॉर्डर चालू, त्यावर माझ्या घड्याळाची टिकटिक. नंतर टेप ऐकून मी वेळा काढायचो आणि वेधशाळेला पाठवायचो. त्यावरून ते लोक गोळ्याचा आकार ठरवत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच गच्चीवर होतो. ठरलेल्या वेळेला अजून अर्ध्या मिनिटाहून जास्त अवकाश होता, तोच ताई म्हणाली, "गेला. आला."

एका श्वासात दोन्ही. माझं डोकंच फिरलं.

"ताई, अजून वेळ झाली नाही. डोळे मिचकावू नकोस, टेप खराब होते."

"बरं," ती म्हणाली.

मग खरा "गेला" झाला, बावीस सेकंदांनी "आला" झाला, आणि वेधशाळेच्या अंदाजाशी तंतोतंत जुळला. मी खूश. कागदावर तेवढंच उतरवलं. खरं तर नियम असा, की शंका असली तरी नोंद द्यायची, फक्त पुढे प्रश्नचिन्ह घालून. पण माझ्या तक्त्यात प्रश्नचिन्ह मला खपत नसे. पुढच्या वर्षी ताईने दुर्बिणीला डोळा लावणंच सोडलं. मान अवघडते म्हणाली, आणि मी ते खरं मानलं.

चार वर्षांनी वेधशाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या गोळ्याभोवती शनीसारखं बारीक कडं आहे, असं नुकतंच कुणाला तरी सापडलं होतं.

"तुमच्या जुन्या टेपवर मुख्य वेळेच्या आधी किंवा नंतर काही आहे का, बघाल? कडं ताऱ्यासमोरून दोनदा जातं, म्हणून दोन्ही बाजूंना हवं, सारख्याच अंतरावर. एकाच बाजूला असेल तर ती पापणीसुद्धा असू शकते. आणि आठवणीवर काही धरता येत नाही हं, टेपच लागेल."

मी टेप लावली. बरोबर सदतीस सेकंद आधी ताईचा आवाज होता, आणि त्याच्यावर लगेच माझा, चिडका. खऱ्या "आला"नंतर सदतीस सेकंद मोजले. नुसती टिकटिक.

मी तसाच उठून तिच्याकडे गेलो. ती एका सदऱ्याची काजं करत बसली होती.

"ताई, तू वेळेआधीच गेला-आला म्हणालीस त्या दिवशी, तारा परत आल्यावर, थोड्या वेळाने पुन्हा काही दिसलं होतं का गं?"

"दिसलं होतं की. आधीसारखंच. पटकन गेला, पटकन आला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दोरा दातांनी तोडला. "एकदा बोलले तर ओरडलास. म्हटलं, पुन्हा कशाला तुझी टेप खराब करा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते कडं सगळ्या जगाच्या आधी माझ्या बहिणीने पाहिलं होतं, आणि तिला तोंड उघडू दिलं नाही ते मी. मी तिला सगळं सांगितलं.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "कडं काही पळून गेलं नाही. सापडलं ना शेवटी?"

रागावली असती तर बरं वाटलं असतं.

टेपबरोबर वेधशाळेला एक अर्ज भरून द्यायचा होता. तिच्याच शिवणयंत्रावर कागद ठेवून मी लिहायला बसलो. एका रकान्यात विचारलं होतं, की एखादी नोंद राहून गेली असल्यास कारण काय. माझा हात तिथे थांबला. ताईने वाकून वाचलं.

"ढग आले होते, असं लिही," ती हळूच म्हणाली.

मी लिहिलं, "आकाश निरभ्र होतं. निरीक्षकाला तिच्या भावाने गप्प केलं."