ला रोशेलच्या कमानी

आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून विभावरी मीटिंग ऐकत होती. जुन्या इमारती तपासणाऱ्या डब्लिनच्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरातलं एक शेकडो वर्षांचं घर तपासायला कंपनीने तिलाच पाठवलं होतं. घराचा तळमजला रस्त्याकडून उघडा, दगडी कमानींचा. पाऊस आला की सगळं गाव त्याखालून चालायचं. एक बाई तिथेच टोपली मांडून कालवं विकायची.

नव्या मालकाला तिथे हॉटेल काढायचं होतं. आज तो, तिथल्या नगरपालिकेचे लोक आणि विभावरीचा बॉस डेक्लन ऑनलाइन होते.

"खांब धोक्याचे आहेत," डेक्लन सांगत होता. "काचा लावून कमानी बंद कराव्या लागतील. आमच्या विभावरीने स्वतः पाहिलंय."

विभावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाऱ्या वाऱ्याने एका खांबाचा खालचा दगड झिजला होता, तेवढाच बदलायचा होता. हे तिने डेक्लनला नीट समजावलं होतं. पण मालकाला कमानींखाली हॉटेलची लॉबी हवी होती, आणि डेक्लन तिचं नाव पुढे करून ती त्याला मिळवून देत होता.

तिचा नवरा इंद्रनील ओट्याशी भाजी चिरत होता. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना. तुझं इथलं कामाचं परमिट कंपनीकडून आहे."

"माझ्या नावावर खोटं बोलतोय तो." तिने माइक चालू केला.

"मी विभावरी. खांब मी तपासलेत, ते पक्के आहेत. एकाचा खालचा दगड बदला, बस. कमानी कोणाला बंद करायच्यात ते मालकांना विचारा."

नगरपालिकेच्या बाईंनी खोदून खोदून प्रश्न विचारले. विभावरीने रागातही चोख उत्तरं दिली. शेवटी बाईंनी दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायचं ठरवलं.

नंतर डेक्लनचा फोन आला. "आपण हे आपसात बोललो असतो."

"बोललो होतो. तू ऐकलं नाहीस."

"ग्रँड," तो आयरिश लोक 'ठीक आहे' म्हणतात तसं, पण थंडपणे म्हणाला.

तिला त्या कामावरून काढलं, पुढे नोकरीवरूनही. परमिट संपायच्या आत ॲथलोनला दुसरी नोकरी मिळेपर्यंत घरात कोणाला धड झोप नव्हती. दुसऱ्या तपासणीतही खांब पक्के निघाले आणि कमानी उघड्या राहिल्या, असं जुन्या ऑफिसातली मैत्रीण चित्रा हिने कळवलं.

"जिंकलीस की," इंद्रनील म्हणाला.

"कसली जिंकले?" विभावरी उसळून म्हणाली. "डेक्लन अजून त्याच खुर्चीत बसलाय."