हिरोने केलेली माझी ताई

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. नाहीतर मला परत पहिल्यापासून सांगावं लागेल.

माझे सर तुला माहितीयेत ना, ज्यांच्या सेंटरमध्ये मी रिसेप्शनला बसते ते? आधी नट होते. अठरा वर्षं नट, आता थेरपिस्ट. आम्ही मागून हिरो म्हणतो, पण हिरो ते कधीच नव्हते गं. नाटकात तिसऱ्या अंकात पत्र आणून देणारा माणूस, जाहिरातीत गुडघा दुखणारा माणूस, आणि मग त्या एका मालिकेत बायकोला जिन्यावरून ढकलणारा नवरा. तेवढंच काय ते गाजलं. रस्त्यात बायका त्यांच्याकडे बघून पोरांना जवळ ओढायच्या म्हणे. मालिका संपली, कामं संपली. वर्षभर स्वतःच कुणाकडे तरी जाऊन रडले, आणि बेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात जाऊन बसले. स्टॅटिस्टिक्समध्ये दोनदा नापास. तिसऱ्यांदा सुटले. मला हे सगळं इतकं भारी वाटायचं की मी येईल त्याला सांगत सुटायचे.

म्हणूनच तर ताईला नेलं.

ताई रक्त तपासतात त्या लॅबमध्ये होती. नळ्यांवर नावांची लेबलं लावायची. एक दिवस दोन लेबलं उलटी लागली. तासाभरात कळलं, दोघांना परत बोलावलं, रक्त घेतलं, विषय संपला. तिचे साहेबसुद्धा म्हणाले, होतं असं. पण ताईचा काही संपला नाही. दुसऱ्या दिवसापासून घराबाहेर पाय नाही. सात महिने. साखरेच्या डब्यावरचं नाव तीन-तीनदा वाचायची. आणि बोलताना अंगठा असा, बघ, बोटावरून दाबत न्यायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेबल चिकटवल्यासारखा. तिला स्वतःला कळतसुद्धा नाही.

आई म्हणाली, "त्या जिनेवाल्याकडे? मी नाही पाठवायची माझी पोरगी."

"अगं आई, ती मालिका होती."

"मला कळतं गं. पण ढकलताना हसला कसा होता, बघितलं होतंस का?"

दोन आठवडे मी आईचं डोकं खाल्लं. ताईच्या तर पाया पडायची बाकी होते. शेवटी आली. आणि चार महिन्यांत, खोटं नाही सांगत, माणसात आली. आधी जिना उतरली, मग कोपऱ्यापर्यंत, मग एकटी सेंटरपर्यंत. येत्या सोमवारी परत लॅबला जाणार आहे. लेबलं लावायला, कळतंय का तुला?

तर आज शुक्रवार. शुक्रवारी दुपारी हिरो शिकाऊ थेरपिस्टांचा वर्ग घेतात. सहा जण आहेत. एकाने पेशंट व्हायचं, एकाने थेरपिस्ट, बाकीच्यांनी बघायचं. सगळीकडे असंच शिकवतात म्हणे. पण आमच्याकडे पेशंट कायम हिरोच होतात, कारण त्यांच्याइतकं कुणाला जमणार. पोरं फिदा. बाहेर येताना नाकं पुसत येतात. मला वाटायचं, हिरो ते पेशंट मनाने रचत असतील.

आज मी आत गेले कारण प्रोजेक्टरची वायर बाहेर राहिली होती. दार ढकललं तर खुर्चीत ताई बसली होती.

छप्पन वर्षांची, टक्कल पडलेली, पायात बूट घातलेली ताई. तोच वर आलेला खांदा. तेच दर वाक्याआधी "म्हणजे तसं काही नाही, पण". आणि अंगठा. आणि तुला खरं सांगू? पहिला एक सेकंद मला बरं वाटलं. घरचं माणूस अचानक समोर दिसल्यावर वाटतं ना, तसं. त्याचीच मला आता सगळ्यात जास्त शिसारी येतेय.

समोरच्या मुलीने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई. आणि धाकटी बहीण," हिरो म्हणाले. ताईच्या आवाजात गं. "ती कामावरून आली की चपला काढायच्या आधी विचारते, आज बरी आहेस ना. मी हो म्हणते. नाही म्हटलं की तिचं तोंड एवढंसं होतं, मग मलाच तिची समजूत काढावी लागते. हल्ली ती यायची वेळ झाली की मी आंघोळीला जाते. तेवढीच वीस मिनिटं सुटका."

आणि मग माझी नक्कल. मान तिरकी, आवाज नाकातून, "बरी आहेस ना गं ताई?" सहाच्या सहा जण हसले.

मी घरी पोचते तेव्हा ताई खरंच बाथरूममध्ये असते. रोज. मी आईला म्हणायचे, बघ, आता स्वतःची काळजी घ्यायला लागली.

तेवढ्यात त्यांना मी दिसले. मला वाटलं, आता थांबतील, दचकतील तरी. छे. तो माणूस, हो, आता तोच म्हणणार मी, माझ्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. मी समोर आयती मिळाले ना. माझ्याकडे बघतच ताईच्या आवाजात म्हणाला, "तिला नका हं सांगू. तिला वाटतं, तिच्यामुळे मी उभी राहिले." एका मुलीने चष्मा काढून डोळे पुसले. पाठी बसलेला मुलगा स्वतःच्या बोटावर अंगठा फिरवून बघत होता, तर त्याला लगेच स्वतःच्या आवाजात, "दाबायचा, घासायचा नाही." आणि परत ताई.

वर्ग सुटला. मी वायर हातात घेऊन तशीच उभी.

"सर, ती माझी ताई होती."

"नाव बदललंय," तो म्हणाला. रुमालाने मान पुसत होता. "लॅबच्या जागी टपाल ऑफिस केलंय. पुस्तक वाचून ही पोरं दगडच राहतील. त्यांना जिवंत माणूस दिसायला हवं."

"तिने ते तुम्हाला सांगितलं होतं. त्यांना नाही."

"त्यातून उद्या सहा जण सहाशे जणांना बरं करतील, तू मोठं चित्र बघ ना." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "एक खरं सांग. तू रोज बघतेस तिला. जमलं होतं? आवाज जरा जाड लागला का?"

आणि मी काय केलं असेल सांग. मी उत्तर दिलं गं. माझ्या तोंडातून गेलं, "ताई 'म्हणजे' म्हटल्यावर जरा थांबते." तो "हां, बरोबर" म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. मी बेसिनवर जाऊन दोनदा चूळ भरली. तरी तोंडाची चव जाईना.

घरी आले तर ताई आज बाहेरच होती, सोमवारसाठी पांढरा कोट इस्त्री करत. मी काही विचारलं नाही. मुकाट चपला काढल्या. तिला बरं वाटलं असावं, कारण आपणहून बोलायला लागली.

"सर ना, मी बोलते तेव्हा अगदी माझ्यासारखेच बसतात. खांदासुद्धा माझ्यासारखा करतात. इतकं नीट मला कुणी बघितलंच नव्हतं गं. सोमवारी आत जायच्या आधी त्यांना एक फोन करणारेय. ते आहेत ना, म्हणून जमेल."

आई आतून म्हणाली, "मी उगाच नावं ठेवत होते त्याला."

ताईने कोटाची बाही उलटी केली, इस्त्री उचलली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलतात का गं ते?"

मी म्हटलं, आले हं, खाली फोनला रेंज नीट येते. आणि थेट तुझ्याकडे आले. तिकडे ती अजून कोटच करत असेल. आता बोल. मी सांगितलं तर सोमवार गेला, कदाचित पुढचे सगळे सोमवार गेले. नाही सांगितलं तर दर शुक्रवारी ती त्या खुर्चीत बसणार आणि मी बाहेर फोन उचलत बसणार. तू माझ्या जागी असतीस तर काय सांगितलं असतंस तिला?